‘जमते जी’ म्हणण्याआधी : दिव्यांग बोर्ड आणि पेशीची (सुनावणीची) तयारी

माझा धाकटा भाऊ बिल्डिंगला पुट्टी-पेंटिंग करायचा. परांचीवरून पडला, कंबरेचं हाड मोडलं, उजव्या पायातली ताकद गेली. दीड वर्ष दवाखान्यांत गेलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही बोर्डापुढे, म्हणजे तपासून टक्के ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरांपुढे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘चालता येतं का?’’ हा म्हणाला, ‘‘येते जी.’’ ‘‘जिना?’’ ‘‘जमते जी.’’ पाय वाकवून पाहिला, कोन मोजला, चार आकडे लिहिले, झालं. दाखल्यावर आले ३२ टक्के.

घरी आल्यावर आईने विचारलं, ‘‘जिना कसा जमते रे तुले? मी मांगून धरल्याशिवाय एक पायरी तरी चढतं का तू?’’

त्याने खोटं सांगितलं नव्हतं. जिना तो चढतो. कठड्याला दोन्ही हातांनी लटकून, आईच्या आधाराने, मधल्या वळणावर बसून चढतो. पण डॉक्टरांपुढे एवढं सगळं बोलणं म्हणजे रडगाणं गाणं, असं त्याला वाटलं. आपल्या घरांमध्ये हेच शिकवलेलं असतं. कोणी विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणायचं. पाहुण्यांशी बोलताना हा चांगला स्वभाव आहे. बोर्डापुढे मात्र याच दोन शब्दांनी माझ्या भावाची दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत जे शिकले ते लिहिते आहे. उमरेड, काटोल, भिवापूर, रामटेककडून पहाटेची एसटी धरून नागपूरला येणारी, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घट्ट धरून बसलेली माणसं मला प्रत्येक फेरीत दिसली. त्यांच्यापैकी एकाची जरी फेरी वाचली तरी हा लेख कामी आला.

हे टक्के कशाचे असतात

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. त्यात हालचालीचे, दृष्टीचे, श्रवणाचे प्रकार आहेत, तसेच मानसिक आजार, बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्याने झालेली इजा, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही आहेत. यातला सिकलसेल विदर्भासाठी फार महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे येतेच.

दाखल्यात दोन रेषा लक्षात ठेवायच्या: ४० आणि ८०. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, एसटीच्या भाड्यातली ७५ टक्के सवलत, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, हे सगळं ४० पासून सुरू होतं. ८० पासून तीव्र दिव्यांगत्व धरतात आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्यांसाठी केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचं दार उघडतं. यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे रंगही त्याच हिशोबाने आहेत: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. म्हणून ३२ आणि ४१ यांच्यात फक्त ९ चा फरक नसतो. एका घराची महिन्याची किराणा यादी त्या फरकात असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे टक्के दुःखाचे नसतात. शरीराचं किंवा मनाचं कोणतं काम कायमचं किती गेलं, याचं ते मोजमाप असतं आणि ते कसं करायचं हे केंद्र सरकारच्या राजपत्रात छापलेलं आहे. गरिबीला त्यात स्वतंत्र रकाना नाही. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, याला नाही. आपण तिथे जाऊन नेमकं हेच सांगत बसतो, आणि रकान्यात बसणारी गोष्ट सांगायची राहून जाते.

पायाचं उदाहरण घ्या. सांधे किती वाकतात ते कोन मोजायच्या पट्टीने मोजतात, स्नायूंची ताकद ० ते ५ अशी लावतात. त्याशिवाय पायावरचा तोल पाहण्यासाठी ९ कामं दिलेली आहेत: सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, फक्त दुखावलेल्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकून बसणं आणि वळणं. प्रत्येकाचे १० गुण. हाताचं असेल तर १० कामं, प्रत्येकी ९ गुणांची: डोक्यावरच्या फळीवरची वस्तू काढून परत ठेवणं, नाकाला हात लावणं, हाताने जेवणं, केस विंचरून वेणी घालणं, सदरा अंगात घालणं, शौचाला गेल्यावर स्वतःची स्वच्छता करणं, पेल्याने पाणी पिणं, गुंडी लावणं, नाडी बांधणं किंवा धोतर नेसणं आणि लिहिणं.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भरून आलं. हे तर आपलं रोजचं जगणं आहे. नाडी, वेणी, मांडी, उकिडवं. ज्यांनी हे लिहिलं त्यांना इथल्या घरात माणूस कसा उठतो-बसतो हे माहीत होतं. म्हणजे उत्तर देताना कोणती अवघड भाषा लागत नाही. ‘मांडी घालता येते का’ या प्रश्नाला ‘येते’ आणि ‘येत नाही’ यांच्या मधलं खरं उत्तर द्यायला शिकायचं: ‘घालता येते, पण डावा हात टेकवून, दोन-तीन मिनिटांनी पाय बधिर होतो, उठायला खुर्चीचा पाय धरावा लागतो.’ येतं का, कसं येतं, किती वेळ, कोणाच्या मदतीने. प्रत्येक कामाला हे चार प्रश्न स्वतःला घरीच विचारा. बोर्डाच्या आदल्या आठवड्यात ती ९ किंवा १० कामं करून पाहा आणि जे झालं ते लिहून ठेवा.

बेरजेचाही एक घोटाळा लोकांच्या मनात असतो. पायाचे ३० आणि हाताचे २० म्हणजे ५० झाले, असं वाटतं. तसं होत नाही. आधी मोठा आकडा पूर्ण धरतात, मग उरलेल्या क्षमतेवर लहान आकडा लावतात. म्हणून ३० आणि २० मिळून ४३-४४ च्या आसपास येतात. तरीही ते ४० च्या वर आहेत, हे पाहा. त्यामुळे दुसरं दिव्यांगत्व ‘किरकोळ’ म्हणून सोडून देऊ नका. पायासाठी आलेल्या माणसाला ऐकूही कमी येत असेल तर ते अर्जात आलं पाहिजे.

काही ठिकाणी मात्र आधीच मन तयार ठेवावं लागतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा व्यवस्थित आहे, तर ३० टक्के बसतात. नियमच तसा आहे, डॉक्टर काही करू शकत नाहीत. ऐकण्याचंही दोन्ही कानांचं पाहतात.

जे दिसत नाही त्याचं काय

सिकलसेलचं पोरगं बोर्डापुढे उभं राहतं तेव्हा ते इतर पोरांसारखंच दिसतं. हात-पाय धड, चालणं नीट. आणि दहा दिवसांपूर्वी तेच पोरगं सांध्यांच्या कळांनी रात्रभर तळमळत होतं, त्याला रक्त चढवावं लागलं होतं. तपासणीच्या दिवशी शरीर साक्ष देत नाही, म्हणून कागदाला साक्ष द्यावी लागते. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीचा रिपोर्ट हा पाया. त्यात ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहकाला दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही. पाया झाला की त्यावर वर्षाचा हिशोब उभा करायचा: किती वेळा भरती केलं, किती बाटल्या रक्त दिलं, कळांचे झटके कधी आले, शाळेचे किंवा कामाचे किती दिवस बुडाले, कोणत्या अवयवावर परिणाम झाला.

हे सगळं घरच्यांना तोंडपाठ असतं पण लिहिलेलं नसतं. रात्री अडीचला लेकराला घेऊन धावणारी आई डिस्चार्ज कार्डाचा विचार करत नाही, आणि कोणी तिला सांगतही नाही. म्हणून आज सांगते: प्रत्येक भरतीचं डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची प्रत्येक नोंद एका फायलीत. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फक्त सलाईन लावली असेल तरी त्याचा केसपेपर घ्या.

मानसिक आजाराचं याहून अवघड. तिथे चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी घेता येते का, लोकांशी वागणं कसं आहे, बोलणं आणि समजणं कसं आहे, काम करता येतं का. शिवाय आजार किती वर्षांचा आहे त्याचेही गुण असतात. आजारी माणूस स्वतः बहुतेक वेळा ‘मला काही झालं नाही’ असंच सांगतो, कारण कित्येकदा आजाराचाच तो भाग असतो. म्हणून सोबत तोच नातेवाईक न्या जो रोज त्या घरात राहतो. मोठा भाऊ शिकलेला आहे पण पुण्याला राहतो, आणि वहिनी सातवी पास आहे पण तीच गोळ्या देते, तर वहिनीला न्या. प्रादेशिक मनोरुग्णालयातले किंवा खाजगी डॉक्टरांकडचे दहा वर्षांपूर्वीचे कागद असतील तर तेही सोन्यासारखे. आजार किती जुना, हे तेच सांगतात.

वही

पहिला दाखला ३२ टक्क्यांचा आल्यानंतर आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी मला एक साधी गोष्ट सांगितली. ‘‘बाई, दोनशे पानी वही घे आणि रोजचं लिही. सणाचं नको, रोजचं.’’ मी लिहायला लागले. एका दिवसाची नोंद जशीच्या तशी देते:

‘मंगळवार. सकाळी ६ ला उठला, पलंगावरून उठायला आईने हात दिला. संडासात खुर्ची ठेवलेली आहे, त्यावर बसतो. आंघोळ स्टुलावर, पाठ आणि पाय आईने धुतले. पॅन्ट घालताना उजवा पाय हाताने उचलून टाकतो. १० वाजता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला, १५० पावलं. मध्ये एकदा ओट्यावर बसला. येताना पाय घसटत होता, चपलेचा अंगठा तुटला. दुपारी झोपला. संध्याकाळी जिना चढून वर गेला नाही.’

चपलेचा अंगठा तुटल्याचं मी सहज लिहिलं होतं. पुढे तोच डॉक्टरांच्या नजरेत भरला. उजवी चप्पल पुढून झिजते, डावी झिजत नाही, म्हणजे पाऊल उचललं जात नाही. तोंडाने कितीही सांगितलं असतं तरी एवढं स्पष्ट झालं नसतं.

दोन-तीन आठवड्यांची वही पुरते. चांगले दिवसही लिहा. ज्या दिवशी तो न थांबता दुकानापर्यंत गेला ते मी लिहिलं होतं, आणि ते असल्यामुळेच बाकीच्या पानांवर विश्वास बसला. वाढवून लिहायचा मोह होतो, हे मला माहीत आहे. शेजारी-पाजारी तसा सल्लाही देतात, ‘काठी घेऊन जा, लंगडत जा’. कृपा करून ऐकू नका. रोज अशी माणसं तपासणाऱ्या डॉक्टरांना स्नायू खरा बोलतो की खोटा ते हाताला कळतं. खोटेपणाने दिव्यांगांचे लाभ घेणाऱ्याला कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. आणि एकदा संशय आला की त्यानंतरचं खरं दुखणंही खोटं वाटू लागतं.

कागद आणि तो दिवस

दाखल्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) भरायचा असतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. इथे सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, केसपेपरवर नुसतं नाव-आडनाव, डिस्चार्ज कार्डावर घरचं लाडाचं नाव. गर्दीच्या वॉर्डात जे कानावर पडलं ते लिहिलेलं असतं. ही दुरुस्ती तारखेच्या आधी करून घ्या. तारखेच्या दिवशी खिडकीवर ‘मी तोच आहे’ हे सिद्ध करणं फार मेहनतीचं काम आहे.

फाईल तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात जुना कागद खाली. प्रत्येक पानावर पेन्सिलने नंबर टाका आणि वर एक यादी ठेवा: पान १ ते ४ डिस्चार्ज कार्ड, पान ५ एमआरआयचा रिपोर्ट, असं. पाच मिनिटांत माणूस पाहणाऱ्या डॉक्टरला पिशवी उपसायला वेळ नसतो. यादी असली की तो नेमकं पान काढतो. अस्सल वेगळे, झेरॉक्सचे दोन संच वेगळे. अस्सल कोणाच्याही हातात सोडून येऊ नका.

मेडिकल असो, मेयो असो की दुसरा सरकारी दवाखाना, गर्दी असणारच. मे महिन्यातल्या नागपूरबद्दल मी वेगळं काय सांगणार. पाणी, टोपी, रोजच्या गोळ्या आणि काहीतरी खायला जवळ असू द्या. कॅलिपर, कुबडी, श्रवणयंत्र जे रोज वापरता ते लावूनच जा, आणि ते काढल्यावर काय होतं हेही सांगा. कर्णबधिर माणसासोबत सांकेतिक भाषा जाणणारं कोणीतरी हवंच, नाहीतर त्याच्या वतीने घरचेच अर्धं बोलून मोकळे होतात. उपचार अजून चालू असतील, ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर बोर्ड ‘नंतर या’ म्हणू शकतं. कायम काय राहिलं तेच मोजायचं असतं, म्हणून.

दाखला हातात आला की खिडकीजवळच उभं राहून वाचा. नाव, जन्मतारीख, कोणतं अंग, किती टक्के, कायम की तात्पुरता, तात्पुरता असेल तर कोणत्या तारखेपर्यंत. ही शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. ती उलटून गेल्यामुळे अनुदान बंद पडलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत.

कमी टक्के आले किंवा नाकारलं तर

कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे दिव्यांगत्व नाही असा निर्णय झाला तर तो लेखी कळवायचा असतो. ‘नाही बसत’ असं तोंडी सांगितलं तर ऐकून घरी येऊ नका. लेखी मागा, आणि मागितल्याचा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. निर्णय पटला नाही तर कलम ५९ ने अपिलाचा हक्क दिला आहे. अपिलाला मुदत असते, म्हणून ‘पाहू दिवाळीनंतर’ असं करू नका.

अपिलात ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलं तर समोरच्याने काय तपासायचं? म्हणून आधी माहितीच्या अधिकारात स्वतःच्या तपासणीच्या कागदाची प्रत मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आम्ही मागितली. त्यात जिना आणि उकिडवं बसणं या दोन्ही कामांपुढे ‘करू शकतो’ असं होतं. आमचं अपील या दोन ओळींवर उभं राहिलं. बाकी कशाबद्दल आम्ही एक शब्द लिहिला नाही.

त्या मधल्या काळात एका कार्यालयात आमची फाईल सापडेना. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला मी आवक क्रमांक लिहिलेली प्रत पुढे ठेवली आणि फाईल वीस मिनिटांत निघाली. ती प्रत नसती तर अर्ज दिलाच नव्हता असं ठरलं असतं.

अनुदानाची पेशी

इथपर्यंत शरीराची तपासणी झाली. पैशांची तपासणी वेगळी, ती तहसीलची. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २५०० रुपये आहेत, त्याआधी १५०० होते. ४० टक्क्यांचा दाखला, राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी ५० हजारांच्या आत, या मुख्य अटी. अनुदान मिळत असताना अचानक बंद झालं किंवा चौकशीची नोटीस आली, तर कारण बहुतेक वेळा यांपैकीच असतं: हयातीचा दाखला दिला नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, आधार बँकखात्याला जोडलेलं नाही, दिव्यांग दाखल्याची मुदत संपली, किंवा कोणीतरी तक्रार केली की घरात कमावता मुलगा आहे.

नोटीस आली की लोक घाबरून आधी ओळखीचा माणूस शोधतात. आधी नोटीस वाचा, हळूहळू, दोनदा. तिच्यात कोणी बोलावलं, कशासाठी बोलावलं आणि कधी, हे शोधा. ‘कशासाठी’ त्याचंच उत्तर न्यायचं. उत्पन्नाबद्दल विचारलं असेल तर एमआरआय दाखवून उपयोग नाही. मुलगा वेगळा राहत असेल तर त्याचं वेगळं रेशनकार्ड, वेगळं वीजबिल. तुमचं म्हणणं एका पानावर लिहून न्या, साध्या वाक्यांत: मी अमुक, मला अमुक तारखेची नोटीस मिळाली, माझं अनुदान अमुक महिन्यापासून बंद आहे, नोटिशीतल्या मुद्द्याला माझं उत्तर असं, सोबत अमुक कागद जोडले आहेत, अनुदान सुरू करून थकबाकी द्यावी ही विनंती. तारीख, सही किंवा अंगठा. दोन प्रती, एक देऊन दुसरीवर पोच.

त्या दिवशी जाणं शक्य नसेल तर गैरहजर राहू नका. आधीच अर्ज देऊन पुढची तारीख मागा. जिना चढता येत नसेल तर तसं लिहून खालच्या मजल्यावर ऐकून घेण्याची मागणी करा. वाजवी सोयी-सवलत हा कायद्यातला हक्क आहे. पेशीत काय झालं ते रोजनाम्यात लिहितात. त्यावर सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ‘अर्जदार यांना मान्य’ असं एक वाक्य न वाचता मान्य केलं की पुढे ते पुसता येत नाही. रागावलेल्या बाबूशी भांडण करण्यात दिवस घालवण्यापेक्षा ते एक वाक्य वाचण्यात पाच मिनिटं घाला.

पुण्यापर्यंत जायची वेळ आली तर

कार्यालय हक्कच नाकारत असेल, नोकरीत दिव्यांगत्व आलं म्हणून काढत असेल किंवा खालच्या पदावर टाकत असेल, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. सरकारी आस्थापनेला कलम २० प्रमाणे असं काढता किंवा पद उतरवता येत नाही. आयुक्तालय पुण्याला आहे. माणसांना बोलावणं, कागद मागवणं, शपथपत्रावर पुरावा घेणं यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. मान्य नसेल तर का नाही, ते कारणही द्यावं लागतं.

वकिलाच्या खर्चाला घाबरून पुष्कळ लोक इथे थांबतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि देशभर चालणारा मदत क्रमांक १५१०० आहे. हा क्रमांक बोर्डाच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला असायला हवा, असं मला फार वाटतं.

अजून एक, ज्यांच्या घरी बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेलं मूल आहे त्यांच्यासाठी. मूल १८ वर्षांचं झालं की आई-बापाची सही आपोआप चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. १८ वा वाढदिवस जवळ आला की हा अर्ज हाताशी घ्या, नाहीतर बँक आणि तहसील दोन्हीकडे एकाच वेळी गाडी अडते.

भाऊ दुसऱ्यांदा बोर्डापुढे गेला तेव्हा आई सोबत होती. फाईल माझ्याकडे, वही तिच्याकडे. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, ‘‘उकिडवं बसता येतं?’’ त्याने एकदा आईकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘बसतो जी, पण उठवाले माणूस लागते.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘बसून दाखवा.’’ तो बसला. उठताना दोन्ही हात जमिनीवर टेकले, डावा पाय थरथरला, उजवा हललाच नाही. आई पुढे व्हायला लागली तर डॉक्टरांनी हाताने तिला थांबवलं आणि पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच त्याला धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं, आणि जिन्याचं विचारलं. या वेळी त्याने जिना सांगितला, वळणावरच्या बसण्यासकट. डॉक्टरांनी चपला उलटवून पाहिल्या. वहीची चार-पाच पानं चाळली.

४६ टक्के आले, तात्पुरते, पाच वर्षांसाठी. पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे आणि वही चालू आहे. आता तो स्वतःच लिहितो.